हर्श लाउटरपाख्त : राज्यांच्या कायद्यात माणसाला स्थान देणारा न्यायविद

हर्श लाउटरपाख्त (१८९७–१९६०) हे विसाव्या शतकातील आंतरराष्ट्रीय कायद्याचे अग्रगण्य अभ्यासक, प्राध्यापक, सल्लागार वकील आणि न्यायाधीश होते. त्यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे सार्वभौम राज्यांनी आपसांत पाळायचे नियम, अशी सर्वमान्य समजूत होती. आपल्या हद्दीतल्या माणसांशी राज्य कसे वागते, हा त्या राज्याचा घरचा प्रश्न मानला जाई. लाउटरपाख्त यांनी सुमारे चाळीस वर्षे दोन गोष्टींचा आग्रह धरला. राज्याराज्यांमधला कोणताही वाद न्यायालयाच्या आवाक्याबाहेरचा नसतो, ही पहिली. आणि सर्व कायद्याचे अंतिम एकक माणूसच आहे, ही दुसरी. त्यांची पुस्तके, सल्ले, मसुदे आणि निकालपत्रे या दोन सूत्रांभोवतीच गुंफलेली दिसतात.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८९७ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या गॅलिशिया प्रांतातील झोल्किएव्ह या लहान गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील लाकडाच्या व्यापारात होते. १९१० मध्ये कुटुंब जवळच्या लेम्बर्ग शहरात राहायला गेले. पोलिश, युक्रेनी आणि ज्यू लोकवस्ती असलेल्या या शहराला पोलिश लोक ल्वूव म्हणत. आज ते युक्रेनमध्ये आहे आणि ल्विव या नावाने ओळखले जाते. लाउटरपाख्त यांनी १९१५ मध्ये तिथल्या विद्यापीठात कायद्याचे शिक्षण सुरू केले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस साम्राज्य कोसळले. नोव्हेंबर १९१८ मध्ये शहराच्या ताब्यासाठी पोलिश आणि युक्रेनी सैन्यांत लढाई झाली आणि ती संपताच ज्यू वस्तीवर हल्ले, लूट व जाळपोळ झाली. पुढच्या वर्षी, २८ जून १९१९ रोजी, पोलंडला अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार करावा लागला. एखाद्या राज्याने आपल्याच नागरिकांना कसे वागवावे, हे या करारामुळे आंतरराष्ट्रीय बंधनाचा विषय ठरले. मात्र त्याचा भंग झाल्यास प्रकरण उभे करण्याचा हक्क राष्ट्रसंघाच्या मंडळावरील सदस्य-राज्यांना होता. ज्याच्यावर अन्याय झाला त्या माणसाला तो नव्हता. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न लाउटरपाख्त यांच्या पुढच्या लेखनात वारंवार आढळतो.

१९१९ मध्ये ते व्हिएन्नाला गेले. तिथे त्यांना हान्स केल्सन हे गुरू लाभले. कायदा ही श्रेणीबद्ध नियमांची एक सलग व्यवस्था आहे आणि राज्यसुद्धा त्या व्यवस्थेच्या बाहेर किंवा वर नाही, ही केल्सन यांची शिकवण त्यांच्या विचारात मुरली. कायद्यातील डॉक्टरेट त्यांनी १९२१ मध्ये, तर राज्यशास्त्रातील १९२२ मध्ये मिळवली. दुसऱ्या प्रबंधाचा विषय होता राष्ट्रसंघाची मँडेट व्यवस्था, म्हणजे पराभूत साम्राज्यांच्या वसाहती विजेत्या राज्यांकडे विश्वस्त म्हणून सोपवण्याची पद्धत. या विषयाशी त्यांची गाठ पुढे न्यायाधीश म्हणून पुन्हा पडणार होती.

१९२३ मध्ये रेचल स्टाइनबर्ग यांच्याशी विवाह करून ते इंग्लंडला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आर्नल्ड मॅकनेअर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले. सुरुवातीला त्यांना इंग्रजी बोलणे जड जात होते. तरीही चारच वर्षांत, १९२७ मध्ये, त्यांचा पहिला मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. व्यक्तीव्यक्तींमधील खासगी कायद्याची करार, मालमत्ता, नुकसानभरपाई यांसारखी तत्त्वे आंतरराष्ट्रीय लवादांनी आणि न्यायालयांनी प्रत्यक्षात किती वापरली आहेत, हे त्यांनी त्यात निवाड्यांच्या आधारे दाखवले. राज्यांचे व्यवहार इतके निराळे नसतात की त्यांना साध्या न्यायाची मापे लागूच पडू नयेत, हा त्यामागचा विचार होता.

याच काळात मॅकनेअर आणि लाउटरपाख्त यांनी आंतरराष्ट्रीय कायद्यावरील निवाड्यांचे संकलन सुरू केले. वेगवेगळ्या देशांच्या न्यायालयांत परदेशी दूतांचे संरक्षण, नागरिकत्व, जहाजे, करार अशा प्रश्नांवर निकाल दिले जात. पण ते एकत्र कुठेच मिळत नसत. आंतरराष्ट्रीय कायदा हा सदिच्छांचा संग्रह आहे, खरा कायदा नव्हे, असे म्हणणाऱ्यांना हे संकलन हेच उत्तर होते, कारण न्यायालये तो रोज लागू करत असल्याचा पुरावाच त्यात समोर येत होता. १९५० पासून ‘इंटरनॅशनल लॉ रिपोर्ट्स’ या नावाने चालू असलेली ही मालिका आजही वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या हाताशी असते.

१९३३ मध्ये त्यांचा ‘द फंक्शन ऑफ लॉ इन द इंटरनॅशनल कम्युनिटी’ हा मुख्य सैद्धांतिक ग्रंथ आला. काही वाद ‘कायदेशीर’ आणि काही ‘राजकीय’ असतात व राजकीय वाद न्यायालयाने हाताळू नयेत, अशी त्या काळी राज्यांची सोयीची भूमिका होती. लाउटरपाख्त यांनी ती मुळापासून तपासली. राज्याराज्यांतला प्रत्येक वाद राजकीय असतोच आणि प्रत्येक वादाला कायद्याचे उत्तरही देता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. नेमका नियम सापडत नाही म्हणून न्यायाधीशाने निकाल नाकारणे त्यांना मान्य नव्हते. सर्वसाधारण तत्त्वे, सादृश्य आणि संपूर्ण व्यवस्थेचा हेतू यांच्या आधारे न्यायाधीशाला उत्तर शोधता येते आणि त्याने ते शोधलेच पाहिजे, असे ते म्हणत. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१९३१ मध्ये ते ब्रिटिश नागरिक झाले होते. १९३६ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली आणि १९३८ मध्ये मॅकनेअर यांच्या जागी केंब्रिज विद्यापीठात ह्यूएल प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली. युद्धाचे अनर्थ कमी करणारे आणि अखेरीस युद्धच संपवणारे नियम सुचवावेत, ही अपेक्षा या अध्यासनाच्या मूळ देणगीतच नमूद होती. ओपेनहाइम यांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील प्रमाणग्रंथाचे संपादनही १९३५ पासून वीस वर्षे त्यांच्याकडे होते. परराष्ट्र खात्यांत आणि लष्करी कार्यालयांत हाच ग्रंथ उघडला जाई, त्यामुळे त्यातील एखाद्या परिच्छेदातील बदलालाही वजन असे. वरिष्ठांच्या हुकमावरून केलेल्या युद्धगुन्ह्यासाठी सैनिकाला शिक्षा करता येत नाही, असे ओपेनहाइम यांचे मत होते. १९४० च्या आवृत्तीत लाउटरपाख्त यांनी ते बदलले आणि केवळ हुकूम होता एवढ्याने गुन्हेगार जबाबदारीतून सुटत नाही, असे मांडले. ब्रिटनच्या लष्करी नियमपुस्तिकेतही १९४४ मध्ये याच दिशेने दुरुस्ती झाली. वर्षभरातच हा प्रश्न नाझी नेत्यांच्या संदर्भात उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचे ज्ञान थेट राज्यकारभाराच्या उपयोगी पडले. अमेरिकेच्या व्याख्यान दौऱ्यावर असताना जानेवारी १९४१ मध्ये त्यांची भेट तिथले ॲटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांच्याशी झाली. तटस्थ राहूनही अमेरिकेला ब्रिटनला शस्त्रे देता येतील का, हा जॅक्सन यांच्यापुढचा प्रश्न होता. १९२८ च्या केलॉग-ब्रियाँ कराराने आक्रमक युद्ध बेकायदा ठरवले आहे; म्हणून आक्रमक आणि आक्रमणाचा बळी या दोघांना सारखेच वागवण्याचे बंधन तटस्थ राज्यावर उरत नाही, असे टिपण लाउटरपाख्त यांनी दिले. त्या वर्षी मार्चमध्ये जॅक्सन यांनी हवाना येथील परिषदेसाठी लिहिलेल्या भाषणात हाच युक्तिवाद केला.

जुलै १९४५ मध्ये जॅक्सन पुन्हा त्यांना भेटले, ते केंब्रिजमधील घरी. आता ते नाझी नेत्यांवरील खटल्याचे अमेरिकन मुख्य अभियोक्ता होते आणि न्यायाधिकरणाच्या सनदेचा मसुदा अडलेला होता. नागरिकांच्या हत्या, छळ आणि हद्दपारी यांना एकत्रितपणे ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ म्हणावे, असे लाउटरपाख्त यांनी सुचवले. ८ ऑगस्ट १९४५ रोजी सह्या झालेल्या लंडन सनदेच्या सहाव्या कलमात हे शीर्षक आले. राज्याने स्वतःच्या नागरिकांवर केलेला अत्याचार हाही आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरू शकतो, हे त्यामुळे प्रथमच लेखी कायद्यात उतरले. त्याला एक मोठी मर्यादा होती. हे गुन्हे आक्रमण किंवा युद्धगुन्हे यांच्याशी जोडलेले असणे सनदेने आवश्यक ठरवले होते. ऑक्टोबरमध्ये इंग्रजी मजकुरातील एका अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम घालून ही जोडणी पक्की करण्यात आली. परिणामी युद्धापूर्वी जर्मनीतच झालेले अत्याचार बहुतांशी निकालाबाहेर राहिले.

न्यूरेंबर्गचा खटला २० नोव्हेंबर १९४५ रोजी सुरू झाला तेव्हा ब्रिटिश पथकाचे सदस्य म्हणून लाउटरपाख्त न्यायालयात उपस्थित होते. ब्रिटिश मुख्य अभियोक्ता हार्टली शॉक्रॉस यांच्या प्रारंभीच्या आणि समारोपाच्या भाषणांतील कायद्याच्या भागाचे मसुदे त्यांनी तयार केले होते. कृत्ये राज्याच्या नावाने होत असली तरी ती करणारी माणसेच असतात आणि जबाबदारीही त्यांचीच असते, हा त्या मसुद्यांचा कणा होता. आरोपींच्या पिंजऱ्यात हान्स फ्रँक होता. पोलंडच्या ज्या व्यापलेल्या प्रदेशाचा तो गव्हर्नर-जनरल होता, त्यात १९४१ पासून लेम्बर्गचाही समावेश होता. लाउटरपाख्त यांचे आई-वडील, भाऊ आणि बहीण त्या राजवटीत मारले गेले होते; एक भाची तेवढी वाचली. लाउटरपाख्त यांच्या मसुद्यांत मात्र या कौटुंबिक दुःखाचा उल्लेख नाही. १ ऑक्टोबर १९४६ रोजी फ्रँकला मृत्युदंड सुनावण्यात आला.

लेम्बर्गच्याच विद्यापीठात शिकलेले राफाएल लेमकिन याच काळात ‘वंशसंहार’ ही संकल्पना रुजवण्यासाठी झटत होते. तिचे फळ म्हणजे १९४८ चा वंशसंहारविरोधी करार. लाउटरपाख्त या संकल्पनेबाबत साशंक राहिले. समूहाच्या संरक्षणावर भर दिला की एकेका व्यक्तीचे संरक्षण दुय्यम ठरते आणि समूहासमूहांतील वैर अधिक घट्ट होते, अशी त्यांना भीती वाटे. आज आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यात हे दोन्ही गुन्हे शेजारीशेजारी आहेत.

मानवी हक्कांची आंतरराष्ट्रीय सनद कशी असावी, याचा सविस्तर मसुदा त्यांनी १९४५ मध्येच पुस्तकरूपाने मांडला होता. हक्कांच्या यादीइतकेच महत्त्व त्यात अंमलबजावणीच्या यंत्रणेला दिले होते. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, पण राज्यांवर कायदेशीर बंधन न घालणारे हे घोषणापत्र त्यांना अपुरे वाटले आणि त्यांनी त्यावर स्पष्ट टीका केली. मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या हंसा मेहता या वेळी मानवी हक्क आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या. पहिल्या कलमातील शब्दरचना स्त्रियांनाही सामावून घेणारी झाली ती त्यांच्या आग्रहामुळे. हक्कांना अंमलबजावणीची जोड हवी, ही त्यांचीही मागणी होती.

प्राध्यापकी चालू असतानाच लाउटरपाख्त ब्रिटिश सरकारसाठी वकिलीही करत. इराणने तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केल्यावर उभ्या राहिलेल्या अँग्लो-इराणियन तेल कंपनीच्या खटल्यात ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ब्रिटनच्या बाजूने उभे होते. २२ जुलै १९५२ रोजी न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्र नसल्याचा निर्णय दिला. पीठावर असलेले त्यांचे गुरू मॅकनेअर ब्रिटिश असूनही याच बहुमतात होते.

१९५२ ते १९५४ या काळात लाउटरपाख्त संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे सदस्य होते. भारताचे राधाबिनोद पाल हेही १९५२ पासून आयोगावर होते. करारांच्या कायद्याचे विशेष प्रतिवेदक म्हणून लाउटरपाख्त यांनी १९५३ आणि १९५४ मध्ये अहवाल सादर केले. आंतरराष्ट्रीय समाजाच्या काही मूलभूत तत्त्वांविरुद्ध जाणारा करार, दोन्ही राज्यांची संमती असली तरी, रद्दबातल ठरावा, असे त्यांनी सुचवले. बळाच्या धाकाने लादलेल्या करारांनाही त्यांनी आव्हान देण्याची वाट ठेवली. त्यांच्यानंतरच्या प्रतिवेदकांनी हे काम पुढे नेले आणि १९६९ च्या व्हिएन्ना करारात या दोन्ही कल्पनांना स्थान मिळाले.

१९५५ मध्ये मॅकनेअर यांच्याच जागी ते आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांचा तिथला काळ जेमतेम पाच वर्षांचा असला, तरी त्यांची स्वतंत्र मतपत्रे आजही उद्धृत होतात. दक्षिण-पश्चिम आफ्रिका म्हणजे आजचा नामिबिया हा दक्षिण आफ्रिकेकडे मँडेटखाली सोपवलेला प्रदेश होता. त्याच्याबाबतच्या १९५५ च्या सल्लागार मतात त्यांनी लिहिले, की संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशी बंधनकारक नसल्या तरी त्यांकडे सातत्याने पाठ फिरवणारे राज्य अखेर बेकायदा वर्तनाच्या हद्दीत शिरू शकते. फ्रान्स विरुद्ध नॉर्वे या १९५७ च्या कर्जरोखे खटल्यातील त्यांचे मत त्याहून गाजले. फ्रान्सने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करताना, कोणती बाब आपल्या अंतर्गत कक्षेत येते हे आपणच ठरवू, अशी अट घातली होती. बंधन आहे की नाही हे बांधला गेलेलाच ठरवणार असेल तर ते बंधनच नव्हे आणि स्वतःचे अधिकारक्षेत्र ठरवण्याचा न्यायालयाचा हक्कही त्यातून हिरावला जातो. म्हणून ती संपूर्ण स्वीकृतीच अवैध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९५९ च्या इंटरहँडल खटल्यात अमेरिकेच्या तशाच अटीविषयी त्यांनी हेच मत पुन्हा मांडले.

या प्रश्नाला भारताचाही संदर्भ आहे. दादरा-नगर हवेलीकडे जाण्याच्या वाटेवरून पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये भारताविरुद्ध हेगला दावा लावला. त्यानंतर जानेवारी १९५६ मध्ये भारताने केलेल्या नव्या घोषणेत अशीच ‘आपणच ठरवू’ प्रकारची अट होती. फ्रान्सने आणि भारतानेही १९५९ मध्ये आपापल्या घोषणा बदलून ही अट काढून टाकली.

१९५६ मध्ये लाउटरपाख्त यांना ‘सर’ हा किताब मिळाला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कायद्याचा विकास कसा घडवला, यावरील त्यांचा विस्तारित ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. ८ मे १९६० रोजी, न्यायाधीशपदावर असतानाच, वयाच्या ६२ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र एलिहू लाउटरपाख्त हेही नामांकित आंतरराष्ट्रीय विधिज्ञ झाले. निवाड्यांची मालिका त्यांनी पुढे चालवली, वडिलांचे विखुरलेले लेखन खंडरूपाने संपादित केले आणि १९८३ मध्ये केंब्रिजमध्ये संशोधन केंद्र स्थापन केले. ते केंद्र आज लाउटरपाख्त हेच नाव धारण करते.

लाउटरपाख्त यांनी मागितलेल्या गोष्टींपैकी काही प्रत्यक्षात आल्या आहेत. युरोपातील बहुतेक देशांतील माणसाला १९९८ पासून स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात स्वतःच्याच राज्याविरुद्ध थेट दाद मागता येते. १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराला जोडलेल्या वैकल्पिक उपकरारामुळे, तो स्वीकारलेल्या देशांतील व्यक्तींना संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करता येते. १९९८ च्या रोम कायद्याने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांची युद्धाशी असलेली जोडणी काढून टाकली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मात्र आजही राज्यांच्या संमतीवर अवलंबून आहे आणि तिथे पक्षकार म्हणून फक्त राज्येच उभी राहू शकतात.