काटोलला आभाळातून पडलेले दगड

आपलं वरूड आणि शेजारचं काटोल, दोन्ही संत्र्याचे मुलूख. मधात जिल्ह्याची हद्द आहे, पण सोयरिकी इकडून तिकडे चालतात. त्या काटोलची ही गोष्ट.

22 मे 2012. दुपारचे दोन वाजून गेले होते. आभाळात स्फोटासारखा मोठा आवाज झाला आणि काटोल परिसरात दगड पडले. बाहेरून जळक्या तव्यासारखे काळे, आतून राखाडी. नागपूरहून भूवैज्ञानिक आले. जमा झालेले दगड सगळे मिळून सुमारे 13 किलो भरले. ते उल्कापाषाण होते.

हे दगड आले कुठून? त्यासाठी फार मागे जावं लागेल, सुमारे 456 कोटी वर्षं. तेव्हा सूर्य नव्हता, पृथ्वी नव्हती. वायू आणि धुळीचा एक अफाट ढग होता. तो स्वतःच्याच ओढीनं आत आत गोळा होऊ लागला, गरगर फिरू लागला आणि थापलेल्या भाकरीसारखा चपटा झाला. मधोमध सूर्य पेटला. जवळजवळ सगळा माल त्यानंच घेतला. उरलेल्या थोड्याशा धुळीतून ग्रह झाले.

कसे झाले? पावसात काळ्या वावरातून चालताना चपलेला माती चिकटते आणि पावलागणिक ढेकूळ मोठं होतं, तसे. कणाला कण चिकटला, खड्याला खडा, मग डोंगराएवढे गोळे एकमेकांवर आदळून ग्रह बनले. चुलीजवळचं तूप वितळतं, कोपऱ्यातलं थिजलेलं राहतं. तसंच सूर्याजवळ बर्फ टिकला नाही, म्हणून बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ दगडाचे झाले. लांब थंडीत बर्फ टिकला, वायूही सापडला, तिथं गुरू आणि शनी फुगले.

मंगळ आणि गुरूच्या मधात मात्र ग्रह जमला नाही. गुरूच्या ओढीनं तिथले गोळे स्थिर झालेच नाहीत. ते लघुग्रह आजही फिरताहेत. त्यांचे तुकडे कधीमधी आपल्याकडे येतात. आपल्या वऱ्हाडातलं लोणारचं सरोवर अशाच एका मोठ्या तुकड्याच्या आघातानं झालं. काटोलचे दगडही त्याच जातीचे. पृथ्वी वितळली, तिचं जड लोखंड पोटात बुडालं, सुरुवातीची खूण पुसली गेली. हे दगड तापले, पण पुरते वितळले नाहीत. म्हणून सुरुवातीचा माल त्यांच्यात शिल्लक आहे.

आता यातली मोठी गोष्ट सांगते. पाण्यासाठी आपल्याकडे बोअर हजार फुटांपर्यंत गेले. माणसानं रशियात खणलेलं सगळ्यात खोल छिद्रही 12 किलोमीटरच्या थोडंच पुढे गेलं. पृथ्वीचा मध्य तर 6,370 किलोमीटर खाली. तिथं कोण पोचणार? पण 2021 मध्ये आयआयटी खरगपूरच्या आणि इतर शास्त्रज्ञांनी काटोलच्या दगडात ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडल्याचं जाहीर केलं. पृथ्वीत सगळ्यात जास्त असलेलं खनिज हेच, पण ते 660 किलोमीटरच्या खाली असतं. अवकाशात गोळ्यावर गोळा आदळला, त्या दाबानं ते या दगडात तयार झालं. पृथ्वीच्या पोटातला माल असा आभाळातून हाती आला.

तेव्हा लोकांनी ते दगड भीतीनं विहिरीत फेकले असते, किंवा देव्हाऱ्यात ठेवून शेंदूर लावला असता, तर हे कळलं नसतं.

म्हणून बायांनो, कधी आभाळात असा आवाज झाला आणि वावरात, धुऱ्यावर नवाच काळा, जड दगड दिसला, तर घाबरू नका. अपशकून नाही तो. धुऊ नका, फोडू नका, कुणाला विकू नका. स्वच्छ कागदात गुंडाळा, कुठं सापडला ते लिहून ठेवा आणि तहसीलला कळवा. देशातले उल्कापाषाण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सांभाळतं, त्याचं कार्यालय नागपूरलाच आहे.

निंदायला, वेचायला वावरात सगळ्यात जास्त आपणच वाकलेल्या असतो. पुढचा दगड आपल्याच कुणाच्या हाती लागायचा.