एक ग्रंथ, एक वाचक आणि एक हौद

धर्म आणि तत्त्वज्ञान यांवरची पुस्तके आपल्याकडे कमी नाहीत. खेड्यातल्या शाळेच्या कपाटातही चार-दोन सापडतात. पुठ्ठा घातलेली, शिक्का मारलेली आणि पुष्कळदा न उघडलेली. मी स्वतः अशी पुस्तके कितीतरी वर्षे वाचत आणि शिकवत आलो. एकदा सुटीत गावी गेलो, तेव्हा थोरल्या चुलत्यांनी विचारले, "अरे, एवढं वाचतोस, पण त्यानं कुणाचं भलं झालं का?" मला चटकन उत्तर देता आले नाही. तेच उत्तर आज इतिहासात शोधू.

१८४७ साली पुण्यातल्या एका विशीतल्या तरुणाने थॉमस पेन या इंग्रज लेखकाचा 'माणसाचे हक्क' हा ग्रंथ वाचला. हा तरुण म्हणजे जोतीराव फुले. पेन काही विद्यापीठातला पंडित नव्हे. स्त्रियांच्या तंग काचोळ्या शिवणाऱ्या कारागिराचा तो मुलगा, आणि तोच धंदा त्याने स्वतःही केलेला. त्याचा हा ग्रंथ १७९१ आणि १७९२ मध्ये दोन भागांत निघाला. माणसाचे हक्क जन्माबरोबर येतात, ते राजाच्या मेहेरबानीने मिळत नाहीत, असे त्याने ठासून सांगितले. पण गंमत पुढेच आहे. दुसऱ्या भागात हा लेखक तत्त्व सांगता सांगता जमाखर्चाला बसतो! पन्नाशी उलटलेल्या गरिबाला वर्षाला ६ पौंड, साठीनंतर १० पौंड आणि गरिबांच्या मुलांच्या शिक्षणासाठी सरकारी मदत, असा हिशेबच तो मांडतो. या ग्रंथाबद्दल सरकारने त्याच्यावर खटला भरला आणि १७९२ मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरविले.

आता वाचकाकडे वळू. १८४८ मध्ये जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. हे सारे एका पुस्तकाने घडविले असे मी म्हणत नाही. शाळेतले शिक्षण, मित्रांची संगत आणि जातीपायी सोसलेला अपमान, हेही त्यामागे होतेच. परंतु मनातल्या आगीला पुस्तकाने शब्द दिले, एवढे खास.

पुढे हा वाचकच ग्रंथकार झाला. १८८८ मध्ये अर्धांगवायूने जोतीरावांचा उजवा हात निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहिला. १८९० मध्ये ते वारले आणि १८९१ मध्ये ग्रंथ छापून निघाला. तो प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. ईश्वराला ते 'निर्मिक' म्हणतात, आणि माणसाविषयी लिहिताना 'स्त्री-पुरुष' असा जोडशब्द आवर्जून वापरतात. त्यात एक घर रंगविले आहे. घरातली बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. प्रत्येकाने आपापला ग्रंथ वाचून धर्म पत्करलेला, आणि तरीही सारे एका छपराखाली प्रेमाने राहतात. ग्रंथाची भाषा कडक आहे, मलाही त्यातले सगळेच पटते असे नाही. पण या एका घराची कल्पना ज्या वाचकाला पेलली, त्याचे वाचन फुकट गेले नाही.

पुढच्या सुटीत मी चुलत्यांना हौदाची ही हकिकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे भलं पुस्तकानं नाही केलं, वाचणाऱ्यानं केलं." मला एवढे सोपे करून सांगता आले नसते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेतले ते कपाट एकदा उघडा. संध्याकाळी चार माणसे जमतील तेथे एखादे पान मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर आमच्या चुलत्यांचा प्रश्न सर्वांपुढे ठेवा, आणि आपल्या गावात अजून कुठला हौद उघडायचा राहिला आहे, याचा विचार करा.