पोडावरच्या कॅसेटी

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या बाजूला कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे त्यांची वस्ती. शासनाच्या दप्तरी कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमाती. कोलामीचा शेजार मराठीचा, पण कूळ द्रविड. तिची सोयरीक तेलुगू-गोंडीशी.

ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीच्या १९०६ च्या चौथ्या खंडात कोलामी आहे. मात्र त्या पाहणीची रीत अशी, की भाषा कोणतीही असो, नमुन्याला बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट भाषांतर करून घ्यायची. तुलनेला सोयीचं, हे कबूल. ‘तुमची एखादी गोष्ट सांगा’ हेही त्या रीतीत होतं, पण ठरलेला नमुना ती भाषांतरित गोष्टच. पुढे एमेनो यांनी वर्ध्याकडच्या कोलामीवर काम केलं. त्यांचं पुस्तक १९५५ चं. अभ्यासकाला ते आजही टाळता येत नाही.

दुसऱ्यांच्या चुका काढणं सोपं असतं. आम्हीही टेपरेकॉर्डर घेऊन पोडावर गेलो होतो. एक बाई गात होत्या. दोन गाण्यांच्या मध्ये त्या काही सांगू लागल्या, की आम्ही बटण बंद करायचो. सेल वाचवायचे होते ना! कॅसेटवर लिहिलं, ‘कोलामी गीत, वृद्ध स्त्री’. नाव नाही, पोड नाही, कोणत्या प्रसंगाचं गाणं तेही नाही. ही टेप कुणाला ऐकवली तर चालेल, हे त्यांना विचारायचं तर सुचलंच नाही.

वीसेक वर्षांनी ती कॅसेट घेऊन अंदाजाने दोन-तीन पोड फिरलो. एका ठिकाणी ओसरीवर बसलेल्या आजीबाई ऐकता ऐकता ताठ झाल्या. म्हणाल्या, “हे त माह्या बहिणीचा आवाज हाय जी!” गाणं संपलं, पट्टी खरखरली. “अन् पुढचं? ते काय सांगत होती?”

काय उत्तर देणार? ते आम्हीच बंद केलं होतं.

मग त्यांना विचारून, नाव आणि पोड आधी बोलवून घेऊन, नवीन टेप लावली. त्या बहिणीबद्दल तासभर कोलामीत बोलल्या. मधेच नातवाने विचारलं, “आजी, काय म्हनून राह्यली?” त्याला कळत नव्हतं. आजी थांबल्या, त्याला मराठीत समजावलं, मग पुन्हा कोलामीत शिरल्या. या वेळी आम्ही बटणाला हात लावला नाही. नातवाचा प्रश्नही त्या टेपेवर आहे.