लायसन कुठलं, भरपाई कोणाची?

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी आता गाडी चालवतात. कोणी स्कुटीवर अंगणवाडीत जाते, कोणाच्या घरी कर्जावर छोटा हत्ती आलाय. त्यामुळे आम्हाला एक प्रश्न वारंवार येतो. साध्या चारचाकीचं लायसन असताना पिवळ्या पाटीची गाडी चालवली, आणि काही झालं, तर विमा मिळतो का? याचं उत्तर कळायला थोडं मागे जावं लागेल.

१९३९ साली, इंग्रजांच्या राज्यात, मोटार वाहन कायदा झाला. त्यातली विम्याची सक्ती मात्र १ जुलै १९४६ पासून लागू झाली. हा विमा गाडीसाठी नव्हताच. गाडीखाली सापडणाऱ्यासाठी होता. मालक पहिला, कंपनी दुसरी, आणि रस्त्यावरचा माणूस तिसरा, म्हणून तो थर्ड पार्टी विमा. हप्ता मालकाने भरायचा, आधार तिसऱ्याला. भरपाईचे दावे ऐकायला वेगळी न्यायाधिकरणं नेमण्याची सोय १९५६ च्या दुरुस्तीने झाली.

पण कायद्याने कंपनीला एक पळवाट ठेवली होती. चालकाकडे योग्य लायसन नसेल तर कंपनी अंग काढून घेऊ शकत होती. आता सांगा, ज्या बाईचा नवरा ट्रकखाली गेला, तिने चालकाचं लायसन कधी तपासायचं होतं?

हाच मुद्दा १९८७ साली स्कँडिया कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ट्रकचा चालक इंजिन चालू ठेवून समोरच्या दुकानातून खायला आणायला उतरला. किल्ली गाडीतच. क्लिनरकडे लायसन नव्हतं, तरी त्याने गाडी हलवली आणि अपघात झाला. न्यायालय म्हणालं, मालकाने लायसनवाला चालक नेमला होता, त्याने स्वतःहून अट मोडलेली नाही, तेव्हा कंपनीने पैसे द्यावेत. आमच्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात शहाणपणाचं वळण.

पुढे १९८८ चा नवा कायदा आला, आणि १९९४ च्या दुरुस्तीने लायसनच्या प्रकारांत 'परिवहन वाहन' हा प्रकार घातला. तिथून गुंता वाढला. हलक्या गाडीचं लायसन आहे, पण गाडी भाड्याची किंवा मालाची, मग वेगळा शेरा हवा की नको? बोलीत याला आपण 'बॅज' म्हणतो. कंपन्या म्हणत, बॅज नाही म्हणजे लायसनच नाही.

२००४ साली स्वर्णसिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी बरंच स्पष्ट केलं. शिकाऊ लायसन हेही लायसनच आहे. लायसनमध्ये खोट निघाली एवढ्याने कंपनी सुटत नाही, मालकाचा निष्काळजीपणा तिला सिद्ध करावा लागतो. तो सिद्ध झाला तरी न्यायाधिकरण सांगू शकतं, आधी अपघातग्रस्ताला द्या, मग मालकाकडून वसूल करा. वकील याला 'द्या आणि वसूल करा' म्हणतात. हे 'वसूल' आपल्या घरावर येतं, हे गाडी घेणारीने ध्यानात ठेवावं.

बॅजचा वाद २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात चालकांच्या बाजूने लागला, पण कंपन्यांनी तो पुन्हा उकरला. शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी असेल, तर हलक्या वाहनाच्या लायसनवर मालवाहू किंवा भाड्याची गाडीही चालवता येते, वेगळा शेरा लागत नाही. ई-रिक्षा आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्या यात नाहीत. म्हणजे छोट्या हत्तीवाल्या ताईला उत्तर मिळालं.

दोन गोष्टी मात्र या निकालाने बदलल्या नाहीत. पांढऱ्या पाटीची घरची गाडी घेऊन स्वतः कामावर जायला खाजगी विमा चालतो. त्याच गाडीत शेजारणींना रोज पैसे घेऊन कारखान्यात सोडलं, की ते भाडं झालं आणि विम्याची अट मोडली. दुसरी गोष्ट शेतमजुरीची. टेंपोच्या हौद्यात बसवून बायका खुरपणीला नेतात. मालगाडीतल्या फुकट प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं आशाराणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. मालासोबत असलेल्या मालकाला किंवा त्याच्या माणसाला १९९४ पासून संरक्षण आहे. हौद्यात बसलेल्या मजूर बाईचा माल मात्र हातातलं खुरपं आणि भाकरीचं फडकं एवढाच असतो.