तबकडीवरील साक्ष

नभोवाणीवरील वार्ता ऐकतांना वार्ताहराच्या पाठीमागून तोफेचा धडाका कानीं आला, कीं आपली खात्री पटते. ही खात्री निर्माण केली ती घटनास्थळीं नेतां येण्याजोग्या ध्वनिमुद्रणयंत्रानें. त्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

६ मे १९३७ रोजीं शिकागोच्या एका नभोवाणी-केंद्राचा वार्ताहर हर्बर्ट मॉरिसन व त्याचा यंत्रज्ञ चार्ल्स नेल्सन हे न्यू जर्सींतील लेकहर्स्ट येथें 'हिंडेनबुर्ग' या जर्मन वायुनौकेचें आगमन टिपण्यास गेले होते. मॉरिसन बोले आणि यंत्राची सुई त्याचा शब्द तबकडीवर कोरी. नौकेनें एकाएकीं पेट घेतला. स्फोटाच्या धक्क्यानें सुई तबकडींत रुतली. ती नेल्सननें चटकन् उचलून पुन्हां टेकविली. त्या दुर्घटनेंत ३६ जीव गेले. अमेरिकेंतील मोठ्या नभोवाणी-संस्था तोंवर ध्वनिमुद्रित वार्ता वर्ज्य मानीत. तथापि दुसऱ्या दिवशीं एन. बी. सी. नें हें मुद्रण देशभर ऐकविलें. सोवळें सुटलें तें असें!

परंतु येथेंच एक मौज आहे. मुद्रणाच्या वेळीं तबकडी किंचित् मंद फिरली होती. त्यामुळें नेहमींच्या गतीनें वाजवितांना मॉरिसनचा आवाज मूळच्याहून पातळ व चढा येतो. त्याचा शोक खरा होता, यांत शंका नाहीं. मात्र जगानें ऐकलेला कंठ पुरता त्याचा नव्हता. साक्षीदार प्रामाणिक असूनही साक्ष बदलली!

पुढें महायुद्धांत हें यंत्र थेट रणांगणांत शिरलें. सप्टेंबर १९४३ मध्यें बी. बी. सी. चा विनफर्ड व्हॉन-टॉमस यंत्रज्ञ रेज पिड्स्ली यास बरोबर घेऊन 'लँकेस्टर' विमानांतून बर्लिनवरील हल्ल्यास गेला. शत्रूचें विमान अंगावर आलें, त्या क्षणींचें वैमानिकांचें आपसांतील बोलणें तबकडीवर उमटलें. वार्ताहराच्या वर्णनापेक्षां हें अभावितपणें सांपडलेलें बोलणेंच आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.

१९४४ सालीं नॉर्मंडीच्या स्वारीसाठीं बी. बी. सी. नें 'मिजेट' यंत्र तयार केलें. मिजेट म्हणजे बुटका. सुमारें ४० पौंडांच्या ओझ्यास हें नांव देणाऱ्याची विनोदबुद्धि दांडगी म्हणावयाची! तबकडी फिरविण्यास घड्याळाप्रमाणें किल्ली द्यावी लागे. आतां यंत्रज्ञाची जरुरी उरली नाहीं. वार्ताहर एकटाच पुढें जाऊं शके. मात्र तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटेंही मावत नसत. तेव्हां कोणता क्षण टिपावा आणि कोणता सोडावा, हा निर्णय गोळीबारांत त्यानें एकट्यानेंच करावयाचा.

१९५१ सालीं स्टीफन कुडेल्स्की या पोलिश वंशाच्या तंत्रज्ञानें स्वित्झर्लंडांत 'नाग्रा' यंत्र तयार केलें. त्याचा पहिला नमुनाही किल्लीवरच चाले, परंतु तबकडीच्या जागीं फीत आली होती. तबकडीवर एकदां कोरलेलें पुसतां येत नसे. फीत मात्र कातरून हवी तशी जोडतां येई.