गृहश्रवण व होम थिएटर (छंद) : बुटीबोरी व नागपूर परिसर

ध्वनिमुद्रित संगीत, रेडिओ आणि चित्रपटांचा ध्वनी घरच्या घरी मुळाबरहुकूम ऐकता यावा म्हणून यंत्रणा जमवण्याचा, जोडण्याचा, खोलीला बसवून घेण्याचा आणि तिची निगा राखण्याचा छंद. दोन स्पीकरांच्या स्टिरिओपासून पाच स्पीकर व एक सबवूफर असलेल्या ‘फाइव्ह पॉइंट वन’ होम थिएटरपर्यंत आणि छतातले स्पीकर असलेल्या अ‍ॅटमॉस रचनेपर्यंत त्याचा पसारा आहे. विदर्भात हा छंद जोपासणाऱ्याला तीन गोष्टींशी सामना करावा लागतो : उन्हाळा, कूलर आणि वीज. या नोंदीत भर त्यांच्यावरच आहे, कारण यंत्रांची माहितीपत्रके या तिन्हींबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किमी.वर, वर्धा व चंद्रपूरकडे जाणारे रस्ते जिथे फुटतात तिथे बुटीबोरी आहे. गावाची ओळख एमआयडीसीच्या विस्तीर्ण औद्योगिक वसाहतीमुळे झाली. मात्र ध्वनीच्या इतिहासात त्याचे नाव वेगळ्याच कारणाने येते. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. पुढे १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली आणि तिचा मुख्य आधार होता बुटीबोरीचा १,००० किलोवॉट शक्तीचा मध्यमलहरी प्रक्षेपक. वारंवारता १५६६ किलोहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १९१ मीटर. वाहिनी संध्याकाळी सुरू होई आणि पहाटेपर्यंत चाले. त्यामागे भौतिकशास्त्र होते. दिवसा आयनांबराचा खालचा थर मध्यमलहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरच्या थरांवरून परावर्तित होऊन त्याच लहरी शेकडो-हजारो किलोमीटर जातात. देशाच्या मध्यावर उभारलेला एकच प्रक्षेपक रात्री देशाच्या फार मोठ्या भागाला पुरतो तो असा. दूरदूरची केंद्रे पकडणाऱ्या परदेशी हौशी श्रोत्यांनाही १५६६ ही वारंवारता ओळखीची होती. प्रसार भारतीने डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा आदेश काढला.

इतक्या शक्तीने दूरवर जाणारा हा आवाज गुणवत्तेने मात्र मर्यादितच होता. मध्यमलहरींवर दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्‌झचे अंतर ठेवलेले असते, त्यामुळे ध्वनीची वरची मर्यादा ४.५ किलोहर्ट्‌झच्या आसपास येते. एफएमवर ती १५ आणि सीडीवर २० किलोहर्ट्‌झ असते. तानपुऱ्याच्या जव्हारीतले वरचे स्वरांश, झांजेची किणकिण, ‘स’ आणि ‘श’ यांतला नेमका फरक बहुतांशी या मर्यादेच्या वर असतो. रेडिओने मराठी घरांना संगीताची गोडी लावली, कान तयार केले. त्या कानांना जे अपुरे वाटू लागले ते भरून काढण्यासाठी लोक रेकॉर्ड, कॅसेट आणि पुढे सीडीकडे वळले. या छंदाची मुळे इथे आहेत, महागड्या यंत्रांच्या हौसेत नाहीत.

बलवान मध्यमलहरी प्रक्षेपकाच्या शेजारी राहणाऱ्याला आणखी एक अनुभव येऊ शकतो. रेडिओ बंद असूनही अ‍ॅम्प्लिफायरमधून बारीक बोलणे ऐकू येते. स्पीकरच्या किंवा इनपुटच्या लांब तारा अँटेनासारख्या वागतात आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्याच ट्रान्झिस्टरमध्ये लहरीवरचा ध्वनी वेगळा होतो. आवाजाची कळ शून्यावर आणली तरी हे बोलणे तेवढेच राहिले, तर दोष कळीनंतरच्या भागात, बहुधा स्पीकरच्या तारांत आहे असे समजावे. तारा आखूड कराव्यात, त्यांना फेराइटचे कडे घालावे, इनपुटला जाळीची वायर वापरावी.

महाराष्ट्रातील वाटचाल थोडक्यात अशी. ठाण्याच्या मर्फी कारखान्याचे रेडिओ एका पिढीच्या दिवाणखान्यात होते. ऐंशीच्या दशकात कॅसेटने संगीत स्वस्त केले आणि आखातातून आलेल्या टू-इन-वनने ‘बेस’ आणि ‘ट्रेबल’ हे शब्द घरोघर पोहोचवले. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने नव्वदच्या दशकात ‘बझूका’ हा दूरचित्रवाणी संच मुख्यतः दणदणीत आवाजाच्या जोरावर विकला. डीव्हीडी आली आणि चित्रपटगृहात १९९२ पासून ऐकू येऊ लागलेला डॉल्बी डिजिटलचा सहा मार्गांचा ध्वनी घरात शिरला. घरगुती अ‍ॅटमॉस २०१४ चे. समांतर चालत आलेला, माझ्या मते अधिक मोलाचा प्रवाह संग्राहकांचा आहे. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या श्रवणबैठका आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक या मार्गांनी नाट्यसंगीताचा व ख्यालगायकीचा केवढा तरी ठेवा अभ्यासकांच्या हाती दिला.

आता खोलीबद्दल. बुटीबोरी-नागपूर भागात सर्रास आढळणारी खोली १० बाय १२ फुटांची, विटांच्या प्लास्टर केलेल्या भिंतींची, फरशीच्या जमिनीची आणि वर स्लॅब असलेली असते. समोरासमोरच्या कठीण भिंतींमध्ये काही ठरावीक खर्जाचे स्वर अडकून घुमतात. १२ फूट लांबीसाठी यांतला पहिला स्वर, ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट या सूत्राने निघतो. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानानुसार बदलतो : जानेवारीच्या रात्री १० अंशांना सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, मेच्या दुपारी ४५ अंशांना सुमारे ३५७ मीटर. म्हणून तीच खोली थंडीत ४६ हर्ट्‌झला घुमते आणि कडक उन्हाळ्यात ४९ हर्ट्‌झला. हा फरक जवळजवळ एका अर्धस्वराचा, म्हणजे षड्‌ज ते कोमल ऋषभ एवढा आहे. हिवाळ्यात इक्वलायझरने नेमका बसवलेला खर्ज मे महिन्यात बेसूर का वाटतो, याचे एक कारण हे. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदवणाऱ्या शहराच्या परिसरात ही बाब पुस्तकी राहत नाही. यंत्रणेत मापनाचा मायक्रोफोन असेल तर वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीनंतर, खोली नव्याने मोजावी.

घुमणे कमी करण्याचे उपाय घरातलेच आहेत. कापसाची गादी कोपऱ्यात उभी करावी, पुस्तकांनी भरलेले कपाट मागच्या भिंतीला लावावे, जाड पडदा भिंतीपासून चार-सहा इंच सोडून टांगावा, पुढे सतरंजी घालावी. अंडी ठेवण्याचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची पद्धत फार पसरली आहे. तिने खर्जावर काहीही परिणाम होत नाही, आणि आगीचा धोका तेवढा वाढतो. स्पीकर भिंतीला टेकवून न ठेवता दीड-दोन फूट पुढे आणले तर कुठलाही खर्च न करता आवाज मोकळा होतो. लहान घरात ही जागा सोडणे जिवावर येते हे खरे, पण नव्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा या दोन फुटांचा उपयोग जास्त.

स्पीकरच्या खोक्यात आत कापसासारखा जो भराव असतो तो बहुधा पॉलिएस्टर तंतूंचा असतो. बुटीबोरीच्या इंडोरामा कारखान्यात तयार होणारा पॉलिएस्टर स्टेपल फायबर हा याच जातीचा माल. उशा आणि रजयांतही असाच तंतू जातो. खोक्यातली हवा दाबली-सैल होताना निर्माण होणारी उष्णता हे तंतू शोषतात, त्यामुळे खोके आहे त्यापेक्षा थोडे मोठे असल्यासारखे वागते आणि खर्ज खाली उतरतो. भराव ठासून भरला तर मात्र उलटा परिणाम होतो आणि आवाज कोंडतो. हाताने कॅबिनेट बांधणारे हौशी हा भराव मूठमूठ घालत, मधूनमधून ऐकत प्रमाण ठरवतात. कॅबिनेटसाठी एमडीएफ किंवा १८ मिमी. प्लायवुड, आत आडव्या पट्ट्या आणि सांधे हवाबंद. चांगला सुतार मिळाला तर अर्धे काम झाले. सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. नागपूरकर आधी सीताबर्डी पालथी घालतो.

विदर्भातल्या श्रवणाचा खरा शत्रू कूलर आहे. खिडकीतल्या मोठ्या कूलरचा आवाज खोलीत ६० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. शांत खोलीत ४५ डेसिबलला ऐकू येणारी आलापी किंवा चित्रपटातली कुजबुज त्याखाली पुरती बुडते. ती वर काढायला आवाज १५ डेसिबलने वाढवावा लागतो आणि १५ डेसिबल म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर तिसाहून अधिक पट शक्तीचा भार. दोन वॉटमध्ये भागणारे काम साठ वॉट मागते. हलक्या जागी ऐकू यावे म्हणून वाढवलेला आवाज जोरकस जागी कानाला आणि स्पीकरला दोघांनाही सोसत नाही. याच कारणाने मार्च ते जून या काळात विदर्भातल्या घरांत शास्त्रीय संगीत मागे पडते आणि सतत एकाच पातळीवर वाजणारी गाणी पुढे येतात, असे निरीक्षण आहे. उपाय असे : कूलर लोखंडी स्टँडवर खिडकीबाहेर, चौकटीला न टेकवता ठेवणे, मध्ये रबर घालणे, पंख्याचा वेग कमी करून ताट्या स्वच्छ व पुरत्या ओल्या ठेवणे, आणि ऐकण्याआधी तासभर खोली गार करून मग कूलर बंद करणे. हा शेवटचा उपाय सर्वांत परिणामकारक आहे. स्लॅबची खोली अर्धा-पाऊण तास तग धरते, आणि तेवढ्यात एक राग किंवा एलपीची एक बाजू निवांत ऐकून होते.

कूलरच्या ओलाव्याचा आणि उन्हाचा मार यंत्रांवरही बसतो. वूफरच्या कडेची फोमची पट्टी उष्णतेने व दमटपणाने काही वर्षांत भुसभुशीत होऊन झडते. रबराची कडा कितीतरी अधिक टिकते, म्हणून या भागात जुने स्पीकर घेताना कडा बोटाने हलकेच दाबून पाहावी. अ‍ॅम्प्लिफायरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. बंद शोकेसमध्ये, वर टीव्हीची ऊब आणि खाली सेट-टॉप बॉक्स अशा जागी कोंबलेला अ‍ॅम्प्लिफायर विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकावा अशी अपेक्षा धरणे चूक आहे. त्याच्या वर निदान चार इंच मोकळी जागा हवी.

विजेच्या बाबतीत स्टॅबिलायझरपेक्षा अर्थिंगकडे लक्ष द्यावे. स्पीकरमधून येणारी ५० किंवा १०० हर्ट्‌झची गुणगुण बहुतेक वेळा दोन यंत्रांच्या अर्थिंगमधल्या फरकातून येते. सर्व यंत्रे एकाच बोर्डवरून चालवली की ती पुष्कळदा जाते. नागपूर भागातली काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा तेव्हा कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी घालत राहावे लागते. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे कारागीर भेटतात. हा प्रकार जीवघेणा आहे आणि तो कोणाच्याही सांगण्यावरून करू नये. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर भणभणतो. लाईन वारंवार जात असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा.

काय ऐकावे, हा प्रश्न यंत्रांइतकाच महत्त्वाचा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ एकमार्गी ध्वनिमुद्रणात आहेत. होम थिएटरच्या ‘मूव्ही’ किंवा ‘हॉल’ मोडवर त्यांना कृत्रिम घुमारा चढतो आणि गळ्यातली हरकत पुसट होते. ती ध्वनिमुद्रणे दोन स्पीकरांवर, सर्व प्रक्रिया बंद करून ऐकावीत. मूळ मूर्तिजापूरचे आणि नागपुरात वाढलेले वसंतराव देशपांडे यांच्या नावाचे सभागृह नागपुरात आहे. त्यांच्या गाण्यातली झपाट्याने वर-खाली जाणारी तान स्पीकरची चपळाई जोखायला उत्तम. भरगच्च वाद्यवृंदासाठी ‘सैराट’ (२०१६) हाताशी आहे : अजय-अतुल यांनी त्यातले सिंफनी वादन अमेरिकेतील सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केले. व्हायोलिनांचे थर एकमेकांत न मिसळता वेगळे ऐकू आले तर जोडणी बरी झाली असे मानावे. मोबाइलवरून ब्लूटूथने वाजवण्यापेक्षा वायर जोडलेली बरी.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. बुटीबोरीच्या कामगार वसाहतींत ही घड्याळाची विभागणी अपुरी पडते, कारण रात्रपाळी करून आलेला शेजारी सकाळी आठला झोपतो. त्याला त्रास गाण्याच्या शब्दांचा होत नाही, स्लॅबमधून झिरपणाऱ्या ४०-५० हर्ट्‌झच्या धडधडीचा होतो. सबवूफरखाली जाड रबराचे तुकडे किंवा फोमवर फरशी ठेवल्याने ही धडधड काही प्रमाणात कमी होते. हवेतून भिंतीत जाणारा खर्ज मात्र तसाच राहतो. तेव्हा शेजाऱ्याची पाळी विचारून घ्यावी आणि त्याच्या झोपेच्या वेळेत सबवूफर बंद ठेवून हेडफोन वापरावा.