वाइंडिंग खात्यातल्या बाया

परवा अभ्यासवर्गात एक मित्र म्हणाला, आधी जात आणि भांडवल, बाईचा प्रश्न मग बघू. टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या. रात्री घरी आलो तर आई भाकरी झाकून बसलेली. ती स्वतः जेवली नव्हती. तेच हात धुतले आणि तिच्या आधी जेवलो. तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय.

मी प्राध्यापक नाही. सूतगिरणीत पाळी करतो, उरल्या वेळात वाचतो. वाचून जे कळलं ते मांडतो. पटलं नाही तर भांडा, पण वाचून भांडा.

मुंबईपासून सुरुवात करू. कावसजी दावरनं १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, १८५६ ला गिरणी चालू झाली. पुढं गिरण्या वाढल्या तशी माणसं लागली. कोकणातून, घाटावरून गडी आले. बायका गावीच राहिल्या. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईतल्या बायका पुरुषांच्या जेमतेम निम्म्या होत्या. आता हिशेब करा. कामगाराला राबण्याजोगा होईस्तोवर वाढवतं कोण? गावातली बाई. आजारी पडला, कामावरून काढला, म्हातारा झाला तर जातो कुठं? तिच्याच दारात. ती वावर करते, गवताचे भारे विकते, पोरं आणि सासू-सासरे सांभाळते. आपल्या वस्तीत तर वावरही दुसऱ्याचं, वर गावकीची कामं. त्यामुळं मालकाला एकट्या गड्याच्या पोटापुरता पगार देऊन भागत होतं. बाकीचा खर्च बाईच्या पाठीवर. तिनं भोंगा कधी ऐकला नाही, पण गिरणीच्या नफ्यात तिचा घाम आहेच. तो कुठल्या हजेरीपटावर चढला नाही एवढंच.

ज्या बाया मुंबईत आल्या त्यांच्यातल्या बऱ्याच गिरणीत शिरल्या. १९२० च्या आसपास पाच कामगारांत एक बाई होती. पण कुठं? वाइंडिंगला, रीळ खात्यात, वेस्ट वेचायला. मजुरी बहुतेक वजनावर. जितकं सूत भराल तितके पैसे. सूत खराब आलं, तुटलं, तर भुर्दंड बाईला. वर नायकीण. काम देणं न देणं तिच्या हातात, म्हणून तिचा हात ओला करावा लागे.

जातही गिरणीत आली. साचेखात्यात मजुरी जास्त, पण तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपल्या तोंडानं तो बाटतो! बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. आता पुढचा प्रश्न विचारा. आपल्या गड्याला साचा मिळत नाही, म्हणून त्याचा पगार कमी. पगार कमी, म्हणून त्याच्या बायकोला कसलंही काम पत्करावं लागतं. ती ते पत्करते, म्हणून बाईच्या कामाचा दर खाली राहतो. जातीचा फायदा भांडवलानं घेतला आणि त्याचं शेवटचं ओझं बाईवर आलं. मनमाडला १९३८ साली बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. ते दोघं एकाच ताटात कसे जेवतात हे बघायचं तर बाईच्या पगाराकडं बघा.

बाया मुकाट राबल्या असं कुणी समजू नये. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली रेसकोर्सवर हजारो कामगार जमवले, तेव्हा दोन गिरणी बाया भाषणाला उभ्या राहिल्या. रविवारची सुट्टी त्याच वर्षी मिळाली. १८९१ च्या कायद्यानं बाईचं काम दिवसाला अकरा तासांवर आलं. नागपुरात राधाबाई कांबळे ही आपली बाई गिरणीत राबता राबता युनियनची पुढारी झाली.

आता १९२८ साल. मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं. मालकांचं म्हणणं, हा बोजा आमच्यावर कशाला? बाबासाहेब बिलाच्या बाजूनं उभे राहिले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, तेव्हा खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलावा, हे त्यांनी मान्य केलं. पण मालकालाही सोडलं नाही. मालक बाई कामाला घेतो, कारण पुरुषापेक्षा बाईकडून त्याचा जास्त फायदा होतो. फायदा खास घेता, तर खर्चही उचला. इतकं सरळ गणित. १९२९ ला कायदा झाला, दिवसाला आठ आणे.

कायदा झाला आणि मालकानं पळवाट काढली. पोट दिसायला लागलं की बाईला घरी पाठवायचं. रात्री बाईनं काम करायचं नाही हा कायदा आधीच होता, तेव्हा पाळ्या वाढल्यावर बाई गैरसोयीची झाली. जलद चालणारी वाइंडिंग मशिनं आली, एकीच्या हातून दोघींचं काम निघायला लागलं. स्वस्त होती तोवर बाई हवी होती. हक्क मागायला लागली तशी महाग झाली. आणि युनियनवाले? बाप्यांच्या नोकऱ्या वाचल्या पाहिजेत, बाईचा पगार काय वरकडच, असं त्यांनाही वाटत होतं. पाचात एक असलेली बाई १९८० पर्यंत शंभरात बोटावर मोजण्याइतकी उरली.

गिरणीतून निघालेली बाई गेली कुठं? चुलीपुढं. दहा-वीस गड्यांच्या खानावळी तिनं चालवल्या. १९७४ चा संप बेचाळीस दिवस चालला तेव्हा या बायांनी उधारीवर जेवू घातलं. त्यातूनच पुढं १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, कारण या बायांना बँक कर्ज देत नव्हती आणि सावकार सोडत नव्हता.

माझी आजी वाइंडिंगलाच होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजोबा मोर्चाला जायचे. आजी चार घरची धुणीभांडी करायची आणि संध्याकाळी पातेलं चढवायची. संपाच्या पुस्तकांत आजोबांसारखे पुष्कळ सापडतात. पातेलं सापडत नाही.

आणि आज? मी जिथं काम करतो तिथं कोन वाइंडिंगला बायाच आहेत, निम्म्याहून जास्त आपल्या वस्तीतल्या. सगळ्या ठेक्यावर. २०१७ साली बाळंतपणाची रजा सव्वीस आठवडे झाली. पण वर्षात ऐंशी दिवस भरल्याशिवाय हक्क लागत नाही, म्हणून ते भरायच्या आत हजेरीपटावरचं नाव दुसऱ्या ठेकेदाराकडं फिरवलं जातं. १९२९ ची पळवाट अजून तीच, मालक बदललेत. युनियनच्या मीटिंगमधे मी हे काढलं. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, आधी पर्मनंटवाल्यांचा बोनस सुटू दे, मग बघू.

मग बघू. अभ्यासवर्गातलं तेच वाक्य. मालकाचं सोडा, आपल्या तोंडीसुद्धा तेच.

बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखवलं की जात टिकवायची तर बाईवर पहारा ठेवावा लागतो. गिरणीनं दाखवलं की नफा टिकवायचा तर बाईचे श्रम फुकट नाहीतर स्वस्त ठेवावे लागतात. दोन्ही खुंट्यांना बांधलेली बाई एकच आहे. तिला सोडून आपण जात तोडायला निघालो तर दोर आपल्याच हातात राहतो.

म्हणून दोन गोष्टी मागतो. पुढच्या रविवारी वाइंडिंगच्या बायांची मीटिंग घेऊ, वेळ त्यांच्या सोयीची, बोलणार त्या, सतरंज्या आपण घालू. आणि त्या दिवशीच्या भाकऱ्या आपण थापू. मला येत नाहीत. आईकडून शिकतोय. पहिल्या तीन करपल्या.

जय भीम.